विमानाचे इंजिन, मोटारीचे इंजिन आणि दोन चाके!

मराठी माणसाने मोटारसायकलीचे बारसे केले ते तिच्या आवाजावरून. फटफटी! हे नाव ऐकले की डोळ्यांपुढे ना चाके येतात, ना हँडल. कानाशी येते ते इंजिन. आणि ते योग्यच आहे. फटफटीतून इंजिन काढून घेतले तर मागे उरते काय? एक बोजड सायकल! जिच्यावर बसून भाजी आणायलाही कोणी जाणार नाही.

कारखान्याने जे इंजिन दिले त्यावर तुम्ही-आम्ही समाधान मानतो. फार तर प्लग साफ करतो, तेल बदलतो आणि रविवारी सकाळी फडक्याने टाकी पुसतो. पण जगात माणसांची एक जमात अशी आहे की जिला हे इंजिन पुरत नाही. ही मंडळी विमानाचे इंजिन आणतात, मोटारीचे आणतात, शेतावरच्या पंपाचे आणतात आणि ते दोन चाकांच्या मध्ये बसवण्यासाठी आयुष्याची वर्षे वेचतात. घरच्यांना त्यांचा जाच, शेजाऱ्यांना ताप आणि सावकाराला चिंता! तरीही ही जमात शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. तिच्यातील काही अचाट पुरुषांची ही हकीकत.

बंबावरची स्वारी

आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब ज्यांच्या घरी होता, त्यांना सिल्व्हेस्टर रोपर या गृहस्थांच्या गाडीची कल्पना चटकन येईल. अमेरिकेत बॉस्टनजवळ राहणाऱ्या या यंत्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात, म्हणजे पेट्रोलवर चालणारी गाडी कोणी पाहिलीही नव्हती तेव्हा, एक दुचाकी केली. दोन चाकांच्या मध्ये कोळशाची शेगडी, तिच्यावर पाण्याची टाकी, स्वाराच्या पाठीमागे धुराडे आणि वाफेचे इंजिन! पेटलेल्या बंबावर मांड ठोकून गावभर हिंडायचे, असाच तो प्रकार. ती गाडी आज अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे.

रोपर तेवढ्यावर थांबले नाहीत. तीसएक वर्षांनी त्यांनी नव्या धर्तीच्या सायकलीवर अशीच वाफेची यंत्रणा चढवली आणि १ जून १८९६ रोजी ती घेऊन ते केंब्रिज येथील चार्ल्स रिव्हर या सायकलशर्यतीच्या मैदानावर गेले. तेव्हा त्यांचे वय बहात्तर. आपल्याकडे या वयाचा माणूस नातवाचे बोट धरून देवळात जातो. रोपर यांनी तरुण सायकलपटूंना मागे टाकले आणि मैलाचे अंतर दोन मिनिटे आणि वर सव्वा-दीड सेकंद एवढ्या वेळात कापले. वेग आणखी वाढवावा म्हणून ते पुन्हा निघाले. गाडी डगमगली, म्हातारा खाली पडला. धावत जाऊन पाहतात तो प्राण गेलेला. हृदयक्रिया बंद पडली असे निदान झाले. आधी पडले आणि मग हृदय थांबले, की हृदय थांबल्यामुळे पडले, याचा निवाडा आता कोण करणार?

सव्वीस सेकंदांत एक मैल

या साऱ्या जमातीचा मुकुटमणी मात्र माझ्या मते ग्लेन कर्टिस. न्यूयॉर्क राज्यात हॅमंड्सपोर्ट नावाचे सरोवराकाठचे छोटे गाव आहे. तेथे कर्टिसचे सायकलींचे दुकान होते. सायकलीला इंजिन लावण्याचा नाद लागला तेव्हा पहिला कारब्युरेटर त्याने टोमॅटोच्या रिकाम्या डब्यापासून केला, असे सांगतात. हळूहळू त्याची इंजिने नावाजली गेली, कारण ती हलकी असत आणि दगा देत नसत. हे दोन गुण हवेत उडू पाहणाऱ्यांना सोन्याच्या मोलाचे! टॉमस बाल्डविन या कसरतपटूने आपल्या वायुनौकेसाठी कर्टिसचे मोटारसायकलचे इंजिन घेतले आणि १९०४ साली ती नौका कॅलिफोर्नियात आकाशात नीट फिरवून पुन्हा जागेवर आणून उतरवली. म्हणजे फटफटीचे इंजिन आधी आभाळात गेले. आभाळातले इंजिन फटफटीत आले ते त्यानंतर.

वायुनौकावाल्यांची मागणी वाढत गेली, तशी इंजिने मोठी होत गेली. कर्टिसने आठ सिलिंडरचे एक इंजिन तयार केले. चार या बाजूला, चार त्या बाजूला, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. हवेने थंड होणारे. सुमारे चाळीस अश्वशक्तीचे. आता ते तपासून कसे पाहावे? दुसरा कोणी असता तर त्याने ते कारखान्यात चौथऱ्यावर जखडून चालवले असते. कर्टिसने एक लांबलचक सांगाडा केला, त्याच्या पोटात ते इंजिन बसवले आणि त्यावर स्वतः बसला!

येथे एक अडचण होती. एवढ्या जोराला साधा पट्टा टिकत नाही. तो घसरतो किंवा तुटतो. म्हणून कर्टिसने इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत सरळ पोलादी दांडा नेला आणि दातेरी चक्रांनी चाक फिरवले. क्लच नाही, गिअर नाही. इंजिन फिरले की चाक फिरलेच पाहिजे आणि चाक थांबले की इंजिनही थांबलेच पाहिजे. असा सरळ व्यवहार!

१९०७ सालचा जानेवारी महिना. फ्लॉरिडातील ऑर्मंड बीचची ओहोटीनंतरची घट्ट वाळू. वेग घेण्यासाठी आधी दोन मैल दौड, नंतर घड्याळे लावलेला एक मैल आणि पुढे थांबण्यासाठी जागा. डोके हँडलपर्यंत खाली घालून कर्टिस सुटला. घड्याळवाल्यांनी आकडा पाहिला : २६.४ सेकंद! ताशी एकशे छत्तीस मैल, म्हणजे जवळजवळ दोनशे वीस किलोमीटर. त्याआधीच्या वर्षी याच वाळूवर वाफेच्या मोटारीने ताशी १२७ मैल गाठून साऱ्या जगाला तोंडात बोट घालायला लावले होते. तिलाही सायकलच्या दुकानदाराने मागे टाकले. वर्तमानपत्रांनी त्याला 'पृथ्वीवरील सर्वांत वेगवान माणूस' म्हणून डोक्यावर घेतले.

पण अधिकृत दप्तरात हा विक्रम गेला नाही. दुसऱ्या फेरीत तो फिरता दांडा सांध्यावर तुटला, सांगाडा वाकला आणि जीव वाचला तो केवळ कर्टिसचा हात पक्का होता म्हणून. वाचकहो, कल्पना करा : पायांच्या मध्ये पोलादाचा दांडा मोकाट फिरतो आहे, खाली वाळू आहे आणि पुरता ब्रेक नाही! कर्टिसने गाडी थांबवली, घरी नेली आणि पुन्हा त्या प्रकाराच्या वाटेला तो गेला नाही. तो विमानांकडे वळला. पहिल्या महायुद्धात हजारो वैमानिक ज्या 'जेनी' विमानावर उडायला शिकले ते विमान त्याच्याच कंपनीचे. मोटारसायकलीवरून त्याच्यापेक्षा अधिक वेग अधिकृतपणे नोंदवला गेला तो १९३० सालच्या उन्हाळ्यात, फ्रान्समध्ये. कर्टिस त्याच उन्हाळ्यात, जुलैत वारला.

चाकातले भुईचक्र

दिवाळीत अंगणात भुईचक्र सोडणाऱ्या मुलांना पुढची गाडी विशेष आवडेल. १९२१ ते १९२५ या काळात जर्मनीत म्यूनिक शहरी 'मेगोला' नावाची मोटारसायकल निघत असे. माइक्सनर, कॉकेरेल आणि लांडग्राफ या तिघांच्या नावांतील अक्षरे जुळवून हे नाव केले होते. विमानात त्या काळी एक अजब इंजिन वापरीत. त्यात सिलिंडर ताऱ्यासारखे चहूबाजूंना लावलेले असत आणि सबंध इंजिनच गरगरा फिरे. मेगोलाकारांनी तसले पाच सिलिंडरचे, ६४० सी.सी.चे इंजिन घेतले आणि बसवले कोठे? पुढच्या चाकाच्या आत! चाक एकदा फिरे तेवढ्यात इंजिन उलट दिशेने सहा वेळा फिरे.

गाडी धावे सुरेख. प्रश्न येई तो थांबण्याचा. हिलाही क्लच नाही. चौकात पोलिसाने हात दाखवला तर एक तर इंजिन बंद करून पुन्हा ढकलत सुरू करा, नाही तर रस्ता मोकळा होईपर्यंत गोल गोल घिरट्या घाला! चाकात इंजिन असल्याने पंक्चर काढायला चाक उतरवणे कठीण, म्हणून आतली ट्यूबही वाटोळी न करता दोन टोकांची, लांबट केली होती. अशा सुमारे दोन हजार गाड्या खपल्या. गिऱ्हाइकेही धन्य म्हटली पाहिजेत.

एवढी उरस्फोड कशासाठी?

परके इंजिन फटफटीत बसवणे म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पियानो आणण्यासारखे आहे. पियानो दारातून आत गेला तरी पुढे माणसांनी वावरायचे कोठे? मोटारीचे इंजिन रुंद असते. ते सांगाड्यात आडवे बसवले तर स्वाराचे गुडघे मावत नाहीत. उभे, म्हणजे लांबीच्या दिशेने बसवले तर दुसरेच विघ्न : मूठ पिळताच इंजिनाच्या फिरकीचा उलटा धक्का बसून सारी गाडी एका अंगाला झुकते. मोटारीचे इंजिन बहुधा पाण्याने थंड होते. मग ते पाणी गार करणारा रेडिएटर ठेवायचा कोठे? आणि सगळे साधले तरी शेवटी सगळा जोर जाणार एका चेनवर आणि रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या रबरावर.

मिशिगनच्या ई. जे. पॉटर या तरुण शेतकरीपुत्राने १९६० च्या सुमारास हे सगळे प्रश्न एका फटक्यात बाजूला सारले. हार्ले-डेव्हिडसनच्या सांगाड्यात त्याने शेव्हरोले मोटारीचे आठ सिलिंडरचे इंजिन घातले. क्लच? नकोच! मागचे चाक स्टँडवर उचलून धरायचे, इंजिन भरधाव सोडायचे आणि मग गाडी स्टँडवरून खाली ढकलायची. टायरमधून धुराचा लोट निघे आणि त्या ढगातून पॉटर पाव मैल पार करी. लोक पैसे देऊन हे पाहायला येत. 'मिशिगनचा वेडा' ही पदवी त्याने आनंदाने मिरवली आणि, कोणालाही वाटले नसेल, पण २०१२ पर्यंत तो जगला.

इंग्लंडात मात्र हा उद्योग पुष्कळ शहाणपणाने झाला. १९५० च्या दशकात तेथे छोट्या रेसिंग मोटारी करणाऱ्यांना नॉर्टन मोटारसायकलीचे इंजिन हवे असे आणि कंपनी नुसते इंजिन विकत नसे. म्हणून ते सबंध गाडी घेत, इंजिन काढून घेत आणि बाकीचा सांगाडा कोपऱ्यात पडून राही. नॉर्टनचा तो 'फेदरबेड' सांगाडा रस्त्याला घट्ट धरून राहण्याबद्दल प्रसिद्ध. उलट ट्रायम्फचे इंजिन जोरदार, पण त्याचा सांगाडा तितका बरा नव्हे. पोरांनी दोघांचे लग्न लावून दिले आणि संततीचे नाव ठेवले 'ट्रायटन'. पत्रिका न पाहता जमलेल्या लग्नांतील हे एक उत्तम लग्न.

म्युंशचा हत्ती

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो माणूस. फ्रीडेल म्युंश, जन्म १९२७, राहणार जर्मनीतील हेसेन प्रांत. होरेक्स या मोटारसायकल कारखान्यात त्याने काम केले होते. १९६० च्या सुमारास तो कारखाना मोटारसायकलींतून उठला. जर्मनीत तेव्हा पैसा खेळू लागला होता. लोक फटफट्या टाकून छोट्या मोटारी घेत होते. शहाण्या माणसाने या वेळी मोटारदुरुस्तीचे दुकान काढले असते. म्युंशने ठरवले, जगातील सर्वांत दणकट मोटारसायकल करायची!

निमित्त झाले झाँ म्युरी या फ्रेंच माणसाचे. हा पूर्वीचा शर्यतपटू. त्याला लांबच्या प्रवासासाठी कोणाहीपाशी नसेल अशी जोरदार गाडी हवी होती. त्या काळी साडेसहाशे सी.सी.ची इंग्रजी गाडी म्हणजे मोठी गाडी. म्युंशची नजर गेली ती एन.एस.यू. कंपनीच्या लहानशा मोटारीकडे. तिचे इंजिन मागच्या बाजूला, आडवे बसवलेले असे. चार सिलिंडर, जवळजवळ एक हजार सी.सी., अॅल्युमिनियमचे म्हणून हलके, आणि महत्त्वाचे म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणारे. जणू कोणी मोटारसायकलसाठीच केले होते आणि चुकून मोटारीत बसवले होते!

१९६६ मध्ये पहिली गाडी तयार झाली. पंचावन्न अश्वशक्ती. पण लवकरच लक्षात आले की मागच्या चाकाचे तारांचे आरे हा जोर सोसत नाहीत. ते सैल होतात, तुटतात. म्युंशने आरे काढून टाकले आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे अखंड ओतीव चाक केले. चेनला धूळ लागू नये म्हणून ती तेलाने भरलेल्या बंद पेटीतून नेली. पुढचा ब्रेक बाजारातला पुरेना, म्हणून तोही स्वतःच घडवला. समोर दोन दिवे. गाडीला नाव दिले 'मामूट', म्हणजे हिमयुगातला केसाळ हत्ती. हे नाव त्याला साजेसेच होते. जो कोणी ती पाही त्याला प्रथम हसू येई आणि मग घ्यावीशी वाटे.

मात्र घेणार कोण? प्रत्येक गाडी हाताने केलेली, म्हणून किंमत मोटारीहून जास्त. अमेरिकेतील फ्लॉइड क्लायमर हे मोटारींवरील पुस्तकांचे म्हातारे प्रकाशक या गाडीच्या प्रेमात पडले आणि त्यांनी पैसा घातला. कारखाना उभा राहिला. तेवढ्यात दोन गोष्टी घडल्या. १९६९ मध्ये जपानच्या होंडाने चार सिलिंडरची साडेसातशे सी.सी.ची गाडी बाजारात आणली; तीही हजारोंनी आणि कितीतरी कमी किमतीत. आणि १९७० च्या जानेवारीत क्लायमर वारले. नवा धनी आला. त्याला झटपट नाव हवे होते. डेटोनाच्या मैदानावर तासाभराचा विक्रम मोडण्यासाठी एक राक्षसी मामूट तयार केला. इंजिन टिकले, सांगाडा टिकला. टायरच्या चिंध्या झाल्या. त्या वेगाला आणि त्या वजनाला पुरून उरेल असे टायरच तेव्हा जगात नव्हते!

पुढची कहाणी छोट्या कारखानदारांना ओळखीची वाटेल. एकामागून एक भांडवलवाले आले. प्रत्येक वेळी म्युंशच्या हातात मालकी थोडी कमी उरली आणि अखेर आपल्याच नावाची पाटी असलेल्या कारखान्यातून त्याला बाहेर पडावे लागले. १९७५ पर्यंत पाचशेच्या आतबाहेर गाड्या झाल्या होत्या. गंमत पाहा, हिशेबाच्या वहीत हा धंदा बुडीत खाती. पण ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांनी त्या जपल्या. काही बिघडले की ते म्युंशकडेच जात आणि तो दुरुस्त करून देई. एकाला तर त्याच्या पसंतीप्रमाणे अधिक मोठे इंजिन, दुसऱ्याला अधिक मोठी टाकी. एकासारखी एक गाडी सापडणे कठीण. २०१४ साली म्युंश सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. मूळ मामूट आज विकायला निघाला तर गिऱ्हाइकांची रांग लागते.

याच्या उलट उदाहरण हवे तर २००३ साली डेट्रॉईटच्या प्रदर्शनात डॉज कंपनीने मांडलेली 'टोमाहॉक' पाहावी. मोटारीचे दहा सिलिंडरचे, पाचशे अश्वशक्तीचे इंजिन. किंमत साडेपाच लाख डॉलरच्या वर. आणि तोल राहावा म्हणून चाके चार! रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. हिला फटफटी म्हणायचे की दिवाणखान्यातील शोभेचे कपाट, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी कपाट म्हणेन. तशाच दहा सिलिंडरचे इंजिन इंग्लंडच्या ॲलन मिलयार्ड या कारागिराने घरच्या कार्यशाळेत दोन चाकांवर चढवले आणि २००९ साली ताशी दोनशे मैलांच्या वर पळवून दाखवले. या मिलयार्डने आणखी एक गाडी केली आहे. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे 'वास्प' हे नऊ सिलिंडरचे जुने विमान-इंजिन. आपल्या हवाई दलातील एका पिढीने ज्या हार्वर्ड विमानावर शिक्षण घेतले, त्याच्या नाकात हेच इंजिन असे. मिलयार्डने त्याचे फक्त दोन सिलिंडर घेतले, बाकीचे सारे स्वतः घडवले आणि पाच लिटरची फटफटी केली. पाच लिटर! आपल्या नेहमीच्या बुलेटच्या चौदापट. ती संथ चालू असता प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो.

बुलेटचे डिझेल

हौस झाली, आता गरजेकडे वळू. आपल्याकडे इंजिन बदलण्याचा उद्योग वेगासाठी कधी झालाच नाही. तो झाला पेट्रोलच्या भावासाठी. डिझेल स्वस्त, पेट्रोल महाग. तेव्हा गावोगावच्या मिस्त्रींनी बुलेटचे इंजिन उतरवून त्या जागी छोटे डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. इटलीतील लोंबार्डिनी कंपनीच्या धर्तीवर ग्रीव्ह्ज कंपनी आपल्याकडे जी हलकी इंजिने करीत असे, ती या कामी फार उपयोगी पडली. सौराष्ट्रात तर बुलेटचा पुढचा अर्धा भाग, डिझेल इंजिन आणि मागे दोन चाकांची गाडी अशी जोडणी करून 'छकडा' तयार झाला आणि माणसे, कापूस, शेंगा, म्हशी, सगळे त्यातून जाऊ लागले. दिल्लीत महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले गाड्यांना मागे बाके जोडून 'फटफट' सेवा चाले. तीही प्रदूषणाच्या कारणाने १९९८ च्या सुमारास बंद होईपर्यंत टिकली.

मिस्त्री करतात ते आपणच का करू नये, असे शेवटी रॉयल एनफील्ड कंपनीलाही वाटले. १९९० नंतरच्या दशकात तिने 'टॉरस' ही डिझेल बुलेट काढली. सव्वातीनशे सी.सी., अश्वशक्ती अवघी साडेसहा! कर्टिस आणि पॉटर यांना हा आकडा ऐकून रडू कोसळले असते. वेग ताशी साठ-पासष्ट किलोमीटर, आवाज विहिरीवरच्या पंपाचा आणि हादरे असे की आरशात मागची गाडी दिसायची ती चार-चार! पण लिटरला सत्तर किलोमीटर देई आणि दुधाचे कॅन लादून निमूटपणे चाले. शेतकरी आणि दूधवाले तिच्यावर खूश होते. प्रदूषणाचे नवे नियम आले आणि २००० च्या सुमारास ती बंद झाली.

पण गोष्ट तेथे संपली नाही. ही बुलेट जर्मनीत पोहोचली. तेथील एका छोट्या कारखान्याने मद्रासकडच्या एनफील्डचा सांगाडा घेतला, त्यात बव्हेरियातील हाट्झ कंपनीचे ४६२ सी.सी.चे, मूळचे बांधकामावरच्या यंत्रांसाठी केलेले डिझेल इंजिन बसवले आणि 'झोमर डिझेल' या नावाने विकायला काढले. अश्वशक्ती अकरा. शंभर किलोमीटरला दोन लिटर तेल. आणि हा कारखाना हेसेन प्रांतातला, म्हणजे म्युंशच्याच मुलखातला.